स्टँडबायवरचा रविवार

मी एक जुनी बॅग आहे. रंग काळा, कोपरे झिजलेले, पण चेन अजून ठणठणीत. मित्रांनो, एका वैमानिकाबरोबर मी सारी हयात विमानात काढली आणि खिडकीतून बाहेर मात्र एकदाही पाहिलं नाही. आमच्या जातीला तेवढा मान नसतो.

कारखान्यात जन्मले, दुकानात आले. तिथे वैमानिकाच्या वडिलांनी मला उचलून पाहिलं, चेन दहादा खालीवर केली, दुकानदाराला पुरता वैताग आणला आणि मग पसंत केलं. मुलाला विमान कंपनीत नोकरी लागली होती, त्याची ती भेट. मी त्यांना आजोबाच म्हणते.

त्या व्यवसायात सगळं ज्येष्ठतेवर चालतं. आधी लागलेला आधी सुट्टी निवडतो. मागच्यांनी उरलंसुरलं गोड मानून घ्यायचं. वैमानिकाने वर्षानुवर्षं तेच केलं. मग एकदाचे त्याला सुट्टीचे रविवार मिळाले. तोवर आजोबांचा हात थरथरू लागला होता. दर रविवारी गॅलरीत खुर्ची टाकून वैमानिक त्यांची दाढी करून द्यायचा. मी आत कपाटावर लोळत असायचे. साबणाचा वास यायचा आणि आजोबांचा आवाज, "हळू रे, गाल आहे तो, धावपट्टी नव्हे."

पुढे आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. भाषणं झाली, माझ्या मुठीला नवा बिल्ला लागला. दोन्हीकडच्या वैमानिकांची ज्येष्ठता एकत्र लावली. तिकडचे बरेचजण आधी लागलेले, त्यामुळे आमचा वैमानिक पार खाली घसरला. दोष कुणाला द्यायचा? त्यांनीही आपापल्या रविवारांची वाट पाहिलीच होती. आमच्याकडे विमान तेच राहिलं, पगार तोच राहिला, रविवार तेवढे गेले आणि स्टँडबाय आलं.

"स्टँडबाय म्हणजे काय रे?" आजोबांनी विचारलं.

"घरीच असतो बाबा, पण फोन आला की निघायचं."

"म्हणजे घरात असून घरचा नाहीस."

तेव्हापासून मी भरलेली, दाराजवळ उभी. एका रविवारी वैमानिकाने तरीही खुर्ची टाकली. एक गाल झाला आणि फोन वाजला. तो फेसाने माखलेल्या दुसऱ्या गालाकडे बघत राहिला.

"जा, लोक खोळंबतील," आजोबा म्हणाले.

त्याने माझी मूठ धरली तेव्हा त्याचा हात साबणाने ओला होता. आपल्याला चाकं आहेत याची मला त्या दिवशी लाज वाटली. दार ओढताना मागून सुनेचा आवाज आला, "बाबा, उरलेली मी करू का?"

"नको गं. तो आल्यावर करेल."

पण पुढच्या रविवारीही फोन आला आणि त्याच्या पुढच्याही. आता आजोबांनी दाढी राखली आहे. शेजाऱ्यांना सांगतात, "म्हातारपणाची हौस." वैमानिक "शोभते" म्हणतो आणि दुसरीकडे बघतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही वस्तूंनी सांगायची रीत आहे. मी ते सांगणार नाही. वैमानिकाला थांबता येत नाही, हे मला कळतं. पण ज्यांचा फोन वाजणार नाही, त्यांनी तरी दुसरा गाल पुरा करून मगच उठावं.