यंत्राची खोळ

देशातल्या कुठल्या भागाची हवा कशामुळे बिघडते, हे शोधणं ही माझी नोकरी. पूर्वेला कोळशावरची वीजकेंद्रं, मैदानात वीटभट्ट्या आणि पेटवलेली शेतं, शहरांत गाड्या. त्या त्या भागातल्या अधिकाऱ्यांना विचारलं, तर शेजारचा भाग. नकाशावर सगळीकडे लाल ठिपके आणि एकच हिरवागार, डोंगरातल्या एका गावाचा. त्या ठिपक्यावर मी अहवालात आख्खं प्रकरण लिहिलं होतं. उंची, वारा, झाडी. वरिष्ठांनी ‘ओघवतं’ असा शेरा मारला होता.

लेकीच्या छातीतली शिट्टी पंप ओढूनही थांबेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “हवा बदला.”

“अहो, रोज हवा मोजता ना?” बायको म्हणाली. “मग त्यातलीच एक बरी बघून घ्या की.”

मी हिरव्या ठिपक्यावर बदली मागून घेतली. वरिष्ठांनी ती हसत हसत दिली. तिथे जायला कोणी तयारच नव्हतं.

ट्रकमधून सामान उतरलं तेव्हा दरी काठोकाठ भरलेली होती.

“धुकं,” मी म्हणालो.

“धुक्याला जळक्या लाकडाचा वास येतो?” बायकोने विचारलं.

घराघरातून शेगड्यांचा धूर निघत होता. वळणापलीकडे खडी फोडायचं यंत्र घरघरत होतं. खालच्या मैदानातला धूरही वर येऊन दरीत मुक्कामाला होता. लेक खोकली आणि म्हणाली, “बाबा, हीच का ती चांगली हवा?”

“आजच्या दिवस असेल,” मी म्हणालो. खिडक्या लावल्या, परत उघडल्या, परत लावल्या.

सकाळी ऑफिसात सत्काराचा चहा तसाच ठेवून मी गच्चीवर गेलो. हवा मोजायच्या यंत्राला खोळ होती. जाड, अस्तर लावलेली, कडेला निळी पट्टी. नळीच्या ज्या तोंडातून हवा आत जायची, त्यावर नाडी घट्ट बांधलेली.

“हे काय?”

“आमच्या हिने शिवलीय, साहेब,” यंत्राचा ऑपरेटर लाजून म्हणाला. “इथे धूळ फार. सरकारी वस्तू, आत घाण जायला नको.”

“अहो, ती घाण मोजायलाच ठेवलंय ना हे!”

“आकडे येतात की. चांगले येतात.”

“आणि तपासणीला कोणी आलं की?”

“तेव्हा काढतो. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.”

तपासणीच्या दिवशी इथले आकडे उसळायचे. त्याचं कारण मीच लिहून दिलं होतं: तपासणी पथकाच्या गाडीचा धूर.

मी नाडी सोडली. आकडा चढत गेला. ऑपरेटर बिचारा मीच काहीतरी बिघडवल्यासारखा माझ्याकडे बघत होता. वरिष्ठांना फोन केला.

“ताबडतोब परत घाला ती खोळ,” ते म्हणाले. “अहवाल छापून झालाय.”

“पण साहेब, हवा वाईट आहे.”

“असं कसं? मी सासूबाईंसाठी तिकडे घर बघतोय. तुमचंच प्रकरण वाचून!”

“नका बघू.”

फोन ठेवला. मी खोळ घडी करून पिशवीत टाकली आणि घरी आलो.

बायको न उघडलेल्या खोक्यावर बसली होती. लेक भिंतीला टेकून, खांदे वर ओढून श्वास घेत होती. मी खोळ बायकोच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिने पट्टी बघितली, शिवण उलटून बघितली.

“टाके सुरेख आहेत,” ती म्हणाली. “आता?”

“नकाशावर दुसरा नंबर समुद्रकाठच्या एका गावाचा आहे. ठिपका लाल असला तरी फिका. तिथे अर्ज करतो.”

“थांबा.” तिने खोळ माझ्या मांडीवर टाकली. “तिथल्या ऑपरेटरच्या बायकोला शिवणकाम येतं का, ते आधी विचारा.”

मी तिथल्या ऑफिसात फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. इकडे पाठीमागे ती बारीक शिट्टी पुन्हा सुरू झाली.