दोन वितींची दोरी

माझी वायर माझ्याच पायाभोवती तीन वेढे देऊन बांधली आहे आणि प्लग वरच्या वेढ्यात खोचला आहे. एवढ्यावरून तुम्ही ओळखले असेल, मित्रांनो, की मला आता कोणी लावत नाही. मी चेहऱ्याला शेक देणारा एक जुना लाल दिवा आहे. सव्वीस वर्षे मी एकाच खोलीत, एकाच खुर्चीशेजारी उभा राहिलो. सांगायची आहे ती हकीकत त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांची. पण आधी माझी ओळख करून देतो.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. पाय बिडाचा, दांडा लोखंडी नळीचा, डोक्यावर पत्र्याची टोपी. दांडा आणि टोपी यांच्यामध्ये माझी मान. ती हवी तशी वाकवायची आणि बाजूचा स्क्रू पिळून घट्ट करायची. जोडणी करणाऱ्या बाईंनी माझ्यातून तीन तारा ओढल्या. एकीने वीज येते, दुसरीने परत जाते. तिसरी हिरवी; ती रोज काहीच करत नाही. पण आत एखादी तार उघडी पडून पत्र्याला टेकली, तर वीज माणसाच्या अंगातून न जाता या हिरव्या तारेने जमिनीत उतरते. त्या बाईंनी ती तार दोनदा ओढून पाहिली आणि मगच झाकण लावले.

शेवटी लाल काचेचा बल्ब बसला. त्यात केसाएवढी बारीक तार. तिच्यातून वीज सहजासहजी जात नाही. अडखळत जाते, आणि त्या अडथळ्याने तार तापते. साध्या बल्बकडून लोकांना उजेड हवा असतो, माझ्याकडून ऊब. लाल उजेड तुम्हाला दिसतो, पण खरे काम करतात ते न दिसणारे किरण. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. त्यांनी त्वचा तापते, तिथले रक्त जोरात वाहू लागते, चेहरा सैलावतो. एवढेच माझे काम. मी कोणाला गोरे केले नाही आणि कोणाच्या सुरकुत्या पुसल्या नाहीत. माझ्या खोक्यातल्या कागदावर तसे छापले होते खरे, पण तो कागद मी लिहिला नव्हता.

मला विकत घेतले ताईंनी. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे सौंदर्यकेंद्र होते. मागे झुकणारी एक खुर्ची, एक बेसिन, चाकांचे एक स्टूल आणि एका कोपऱ्यात पारा उडालेला आरसा. पहिल्याच दिवशी ताईंनी माझ्या टोपीच्या कडेला एक पांढरी दोरी बांधली आणि बरोबर दोन वितींवर तिला गाठ मारली. ही गाठ गालाला जेमतेम टेकेल इतक्या अंतरावर मला ठेवायचे. अंतराला माझ्या बाबतीत फार महत्त्व आहे, मित्रांनो. मला निम्म्या अंतरावर आणले तर शेक दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. एक तृतीयांशावर आणले तर नऊपट.

दोरीने अंतर मोजून झाले की ताई उजव्या हाताची बोटे माझ्याखाली धरत. मनात दहा मोजत. मग म्हणत, "कोमट आहे. मिटा डोळे."

त्या बोटांचे काय सांगू? बल्ब म्हातारा झाला की डोळ्यांना कळत नाही, पण त्यांना कळे. गालावरचा कोरडा भाग, कपाळातला ताण, सगळे त्या बोटांनी वाचत. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई दर महिन्याला यायच्या. ताई त्यांना थट्टेने पोस्टमास्तर म्हणत. खुर्चीत टेकता टेकता त्यांचे सुरू होई, "तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले हो. आता माझ्या तोंडावरचे शिक्के तुम्ही पुसा."

"पुसते. पण वरचा पत्ता बदलायचा नाही मला," ताई म्हणत, आणि दोघी हसत.

घरात सून आली. तिला हे काम शिकायचे होते. ताईंनी तिला पहिला धडा दिला तो असा : "ओल्या हातानं बटणाला शिवायचं नाही. चेहऱ्याजवळचे दागिने आधी काढून ठेवायचे, ते तापतात. डोळ्यांवर कापूस. आणि आधी दोरी, मग हात. समजलं?"

"तुम्ही तर दोरी लावतच नाही, आई," सून म्हणाली.

"दोरी नवशिक्यांना गं. माझा हात आहे ना."

खरेच होते ते. कामात मधे येते म्हणून ताईंनी दोरी माझ्या टोपीभोवती गुंडाळून टाकली होती. सून मला लावायच्या वेळी ती सोडत असे, ताई परत गुंडाळत असत.

मग एका सकाळी मी ताईंना उजवा हात झटकताना पाहिले. थर्मामीटर झटकतात तसा. दुसऱ्या दिवशीही. पुढे बरणीचे झाकण हातातून सुटू लागले. कापसाचा बोळा चिमटीत आहे की खाली पडला, हे त्या वाकून पाहू लागल्या.

सुनेच्या नजरेतून ते सुटले नाही. "आई, डॉक्टरांना दाखवून या ना."

"मुंग्या येतात जरा. हात आहे तो, रेडिओ नव्हे दुरुस्तीला टाकायला."

एका दुपारी खोलीत कोणीच नव्हते. ताईंनी मला लावले आणि बोटे माझ्याखाली धरली. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले. बोटे हलली नाहीत. मी तापत होतो आणि त्यांचा चेहरा कोरा होता. हात मागे घेतला तेव्हा मधल्या बोटावर फोड उठत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग दाराकडे, मग माझ्याकडे. बटण बंद केले आणि हळूच म्हणाल्या, "गप्प बस हं."

सुनेला त्यांनी सांगितले की तव्याचा चटका बसला. मित्रांनो, तो चटका तव्याचा नव्हता. पण मी दिवा. मला पेटता येते आणि विझता येते, तिसरे काही येत नाही.

त्यांना भीती होती ती दुखण्याची नव्हती. हात गेला हे एकदा कबूल केले की खुर्चीशेजारचे चाकांचे स्टूल सोडावे लागणार, ही भीती होती. सव्वीस वर्षे ज्या हातावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, तो काढून घेतल्यावर ताई म्हणून काय उरणार? म्हणून दहापर्यंत मोजणे चालूच राहिले. फक्त "कोमट आहे" हे आता त्या सवयीने म्हणत.

तो दिवस पोस्टमास्तरांचा होता. त्या खुर्चीत आडव्या झाल्या. ताईंनी त्यांच्या डोळ्यांवर कापूस ठेवला, माझी मान वाकवली, स्क्रू पिळला. स्क्रू घट्ट बसला की नाही हे सांगतात अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे. नेमकी तीच मुकी झाली होती. स्क्रूचा अर्धा फेरा बाकी राहिला. ताईंनी बोटे धरली, दहा मोजले.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या आणि लेप कालवायला बेसिनकडे वळल्या.

माझी मान घसरू लागली. एकदम नाही, मिनिटाला तीन बोटे. दोरी सुटलेली असती तर गाठ त्या गालावर लोळू लागली असती आणि बाई म्हणाल्या असत्या, अहो, हे काय टोचतंय? पण दोरी टोपीभोवती गुंडाळलेली होती. दोन वितींची दीड वीत झाली, एक झाली, मग त्याहून कमी. पोस्टमास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ओठ आवळले. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि ताईंची पाठ होती.

सून टॉवेल घेऊन आत आली आणि दारातूनच ओरडली, "आई, दिवा!" तिने धावत जाऊन माझा प्लग उपटला.

गालावर लालभडक चकती उठली होती. सुनेने गार पाण्याची धार धरली. ताई हातात लेपाची वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या.

"अहो, भाजत होतं तर बोलायचं नाही का?" त्यांचा आवाज चिरकला.

पोस्टमास्तर डोळ्यांवरचा कापूस काढत म्हणाल्या, "तुम्ही हात लावून बघितला होता ना. मला वाटलं, आज जरा जास्तच द्यायचा असेल."

सून त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळी परतल्यावर ती ताईंसमोर स्टुलावर बसली.

"आई, डोळे मिटा. उजवा हात द्या."

"कशाला?"

"द्या ना." तिने एक बोट चिमटीत धरले. "कोणतं धरलंय मी?"

ताईंनी मिटलेले डोळे आणखी आवळले. मग म्हणाल्या, "करंगळी."

तिने अंगठ्याजवळचे बोट धरले होते, आणि चांगले दाबून धरले होते. तिने ते सोडले नाही. ताईंनी डोळे उघडून पाहिले आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडाला लावला.

डॉक्टर म्हणाले की वर्षानुवर्षांच्या मालिशने मनगटातली नस दबली आहे. शस्त्रक्रिया झाली. मुंग्या थांबल्या, पण बोटांची जाण परतली नाही. तुम्ही दोन वर्षे आधी आला असतात तर, असे डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडले.

आता खुर्चीशेजारी नवे यंत्र आहे. चेहऱ्यावर ठेवायचा मुखवटा, त्यात लहान लहान लाल दिवे. त्याने चेहरा तापत नाही, आणि वेळ संपली की ते शिट्टी देऊन आपोआप बंद होते. सून ते वापरते, तरी लावण्याआधी प्रत्येकीला बजावते, "मी काहीही म्हटलं तरी, टोचलं-भाजलं तर लगेच ओरडायचं." पोस्टमास्तर अजून येतात. गालावर नाण्याएवढा तपकिरी डाग राहिला आहे. "आमचाही शिक्का बसला एकदाचा," असे त्या म्हणतात. त्या हसतात. ताई हसत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी तापणारी, विजेवर चालणारी यंत्रे असतील. वायर सोलली आहे का, स्क्रू ढिला आहे का, हे पाहत जा. पण ती वापरणाऱ्या हातांकडेही पाहा. आजीच्या हातून कप वारंवार सुटत असेल, बाबा हात झटकत असतील, तर "काही नाही" या उत्तरावर निघून जाऊ नका. आणि जिच्यावर तुमचा फार विश्वास आहे तिच्या हाताखालीही चटका बसला, तर बोला. मला बोलता आले नाही. तुम्हाला येते.

मी कोपऱ्यात असतो. सुनेने दोरी सोडून ठेवली आहे. गाठ हवेत लोंबते. दुपारी खोली रिकामी असली की ताई कधी कधी येतात, उजव्या हाताची बोटे माझ्या काचेवर टेकवतात आणि मनात मोजतात. दहापर्यंत आल्या की थांबतात. मग आत हाक मारतात, "अगं, जरा इकडे ये. हा गरम आहे का बघ."

सून हातातले काम टाकून येते. माझी वायर तीन वेढ्यांत बांधलेली तिला दिसत असते. तरी ती काचेला हात लावते, थोडा वेळ तसाच ठेवते आणि म्हणते, "नाही, आई. थंड आहे."