घारबाईंचा साहेब

बावीस वर्षं एकच काम केलं की माणूस त्यात तरबेज होतो म्हणतात. कसला तरबेज! माणूस थकतो, पण हात सवयीने चालत राहतात म्हणून तो थकवा कुणाला दिसत नाही.

घारबाईंचं काम इंजेक्शनच्या कुप्या तपासायचं. बूच लागून आलेली काचेची कुपी दिव्याखाली धरायची, उलटी करून हलकेच फिरवायची, आधी काळ्या फळीपुढे, मग पांढऱ्या. आत एखादा कण, केस, काचेची कपची तरंगताना दिसली तर कुपी बाद. नाही दिसली तर ती पुढे जाते आणि कुणाच्या तरी शिरेत रिकामी होते. बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून तरुणपणीच सगळ्यांनी त्यांची घारबाई करून टाकली. खरं नाव उरलं ते हजेरीपुरतं.

आता घारीचा चष्मा तिसऱ्यांदा बदलला होता, आणि दुपारनंतर पांढऱ्या फळीवर साय धरल्यासारखी दिसे. निवृत्तीला दोन वर्षं होती. दर सहा महिन्यांनी परीक्षा व्हायची आणि त्यात नापास होणाऱ्याला खालच्या मजल्यावर खोकी दुमडायला बसवायचे. पगार कमी झाला असता तर बाईंनी ओढूनताणून भागवलं असतं. पण खोकी दुमडणाऱ्या बाईला घारबाई कोण म्हणणार? घरी हे बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला, त्यात काय, मला तर कुणीच काही म्हणत नाही. त्यानंतर बाईंनी घरी विषय काढला नाही.

अशात तो कोळी आला. नखाएवढा, करडा, केसाळ. जाळं न विणता उड्या मारून शिकार करणारा. पांढऱ्या फळीच्या कडेवर तो दिसला तशी शेजारच्या टेबलावरच्या चिमणीने दोन्ही पाय स्टुलावर घेतले. ही बाईंची पंधरा वर्षांपासूनची मैत्रीण, वजनाने मात्र चिमणी मुळीच नव्हे. झाडूवाले काका म्हणाले, राहू द्या, गरीब जीव आहे, चिलटं खाईल. नियम असा होता की किडा दिसला की वहीत नोंद करायची आणि टेबल बंद ठेवायचं. बाईंनी फडकं उचललं. तेवढ्यात कोळी अख्खा वळला आणि दोन मोठ्या काळ्याभोर डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिला. झुरळ आपल्याकडे बघत नाही म्हणून ते मारता येतं. बाईंचा हात खाली आला. काही मागायचं नसताना त्यांच्याकडे बघणारं कुणी त्यांना बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. गेला तो, असं त्यांनी चिमणीला सांगितलं आणि नोंद केली नाही.

दिव्याच्या झाकणामागे त्याने बस्तान बसवलं. बाई काम करू लागल्या की तो फळीच्या कडेवर येऊन देखरेख करी, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं.

एके दुपारी बाईंनी एक कुपी चांगल्या कुप्यांत ठेवली, तर साहेब तिच्या मागे मागे निघाला. बाईंनी कुपी परत फिरवली. काहीच दिसेना. साहेब मात्र दबा धरून, अंग आखडून बसलेला. शेवटी त्यांनी कुपी चिमणीला दाखवली.

"अगं, एवढा मोठा केस आहे," चिमणी म्हणाली. "डोळे कुठे आहेत तुझे?"

डोळे कुठे आहेत ते बाईंना त्या दिवशी कळलं. ते फळीच्या कडेवर होते. आतला कण हलला की साहेबाला तो भक्ष्य वाटे आणि तो वळे. तो वळला की बाई कुपी बाद करत. त्यांचं काम पुन्हा नावाजलं जाऊ लागलं. घारबाईंची नजर अजून तशीच आहे, असं विभागाच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. मॅडम वयाने लहान. हे काम त्या बाईंच्याच हाताखाली शिकल्या होत्या. ते कौतुक ऐकताना बाईंना चोरी पचल्यासारखं वाटलं, आणि त्या जास्तच थकल्या.

दोन महिने असे गेले आणि परीक्षा आली. शंभर कुप्यांत मुद्दाम कण टाकलेल्या दहा खोट्या मिसळलेल्या, त्यांतल्या आठ ओळखायच्या. मॅडम घड्याळ घेऊन दाराशी बसल्या. साहेब वेळेवर हजर झाला. सत्तर कुप्या होईपर्यंत तो आठ वेळा वळला आणि बाईंनी आठ कुप्या बाजूला काढल्या. म्हणजे पास. बाईंना हायसं वाटलं.

इतक्यात दिव्यापाशी एक चिलट आलं. साहेबाने झेप घेतली, ते धरलं आणि सावकाश जेवण उरकलं. पुढची कुपी फिरवली तर तो बाईंकडे पाठ करून बसलेला. त्याच्या पुढची फिरवली, तरी तसाच. पोट भरलं होतं. आता आत केस असो की काच, त्याला काय त्याचं?

दोन महिन्यांत याचं पोट किती वेळा भरलं होतं? तो नुसता बसलेला असताना, कुपी चांगली म्हणून बसलाय असं समजून आपण किती कुप्या पुढे ढकलल्या?

त्यांनी हातातली कुपी खाली ठेवली.

"मॅडम, माझे दोन महिन्यांचे ट्रे परत तपासायला घ्या."

मॅडम ट्रेपाशी आल्या. काढलेल्या आठही कुप्या खोट्या निघाल्या. "ताई, तुम्ही तर पास आहात," त्या म्हणाल्या.

"मी नाही, तो पास झालाय." बाईंनी फळीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम दचकून एक पाऊल मागे सरल्या. त्या रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी वही उघडून नोंद केली आणि गोदामाला फोन लावला. बराचसा माल अजून तिथेच होता. दोन लॉट मात्र रवाना झाले होते. ते जिथे गेले त्या सगळ्या ठिकाणी मॅडम एकामागून एक फोन करू लागल्या.

बाईंनी रिकाम्या कुपीत कोळ्याला घेतलं, जिना उतरल्या आणि फाटकाजवळच्या भिंतीवर त्याला सोडलं. तो वळला आणि पहिल्यासारखाच त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा काय दोष? तो भुकेपुरतं बघत होता. बावीस वर्षं बघायचा पगार बाईंनी घेतला होता. त्या दोन लॉटमधली एखादी कुपी आत्ता कुठल्या दिव्याखाली, कुणाच्या हातात असेल, हे कितीही डोळे ताणले तरी त्यांना दिसणार नव्हतं. त्या जिन्याकडे वळल्या नाहीत. तळमजल्यावरच्या खोकी दुमडायच्या खोलीत जाऊन त्यांनी विचारलं, बसू कुठे?