खंडेनवमीचं तेल

अंकिताने झेंडूचं फूल बाजूला सारलं, हळदकुंकू लागलेला कंट्रोलर पाटावरून उचलला आणि तो तिच्या हातातून साबणाच्या वडीसारखा सटकला. खाली पडता पडता तिने तो दुसऱ्या हाताने झेलला. दोन्ही तळहात तेलाने माखले.

"ठेव आधी तो जागेवर," दारातून आई म्हणाली. "पूजेतलं आज उचलू नये."

"पूजेतलं? आई, ये मेरा है. माझ्या टेबलावरून आणलाय हा कुणीतरी."

कुणीतरी म्हणजे कोण, हे दोघींनाही ठाऊक होतं. देवासच्या त्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं सुतारकामाचं दुकान होतं, आणि दर खंडेनवमीला पहाटे उठून ते एकटेच सगळी हत्यारं पुसून, तेल लावून पाटावर मांडत. रंधे, करवती, पटाश्या, गिरमिट, पेचकस. मग हळदकुंकू, अक्षता, फुलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. संस्थानाच्या रथखान्यात सुतार असलेल्या पणजोबांपासून हे असंच चालत आलेलं. या दिवशी कुणी ना कुणी गिऱ्हाईक तुटकी खुर्ची नाहीतर अडलेलं दार घेऊन यायचंच, आणि बाबा उंबऱ्यातूनच सांगायचे, "आज काम बंद है, भिया." अंकिता हे वाक्य पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती.

आज त्याच रांगेत, सगळ्यात बारीक पटाशी आणि गिरमिटाच्या मधे, तिचा पांढरा बिनतारी कंट्रोलर मांडलेला होता. आणि आज दुपारी तिची फायनल होती.

फुटबॉलचा खेळ. घरबसल्या, ऑनलाइन. या खेळाला घरात 'टाइमपास' सोडून दुसरं नाव नव्हतं, पण त्याच टाइमपासात ती शेकडो पोरांना हरवून शेवटच्या फेरीत पोचली होती. इंदूरचा एक संघ या फेरीतून खेळाडू उचलणार होता, पगारी. तिथे जागा मिळाली नाही तर दिवाळीनंतर जवळच्याच एका शाळेत शिकवायला जायचं. बाबांनी तिथल्या मुख्याध्यापकांना शब्दसुद्धा देऊन ठेवला होता. हरली असती तर ती गेलीही असती मुकाट्याने. पण खेळायलाच मिळू नये?

तिने मधल्या खोलीत जाऊन टीव्ही लावला, कंट्रोलर ओढणीने खसाखसा पुसला आणि अंगठा ठेवला. पडद्यावरचा खेळाडू डावीकडे पळत सुटला. तिने अंगठा काढला तरी पळतच राहिला, मैदानाच्या रेषेपर्यंत, आणि तिथेही पाय मारत राहिला. कंट्रोलरवरची अंगठ्याखालची काडी सरळच होईना. तेल आत उतरलं होतं.

दुसरा कंट्रोलर अंशुलदादाने पुण्याला नेला होता. मैत्रीण रुचीकडे एक होता, पण ती घरच्यांबरोबर टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलेली. नवमीची गर्दी, रस्ते बंद, फोन कोण उचलतो. अंकिताने तरी तीनचारदा लावून पाहिला.

मग तिच्या डोक्यात तिडीक गेली. किती सोयीचं केलं होतं बाबांनी! आरडाओरडा नाही, खेळू नकोस म्हणणं नाही. नुसतं फूल वाहायचं आणि मधे देव उभा करायचा. देवाशी कोण भांडणार? दादा पुण्याहून यायचा तेव्हा त्याचाही लॅपटॉप पूजेत असायचा. आरती झाली की दहा मिनिटांत तो बाबाच उचलून त्याच्या हातात द्यायचे, मीटिंग आहे म्हणून. तेव्हा देवाचं काही बिघडत नव्हतं. मुलाची नोकरी. आणि गेल्या वर्षी तिने स्वतःहून, हौसेने हाच कंट्रोलर पुढे केला होता तेव्हा काय म्हणाले होते? खेळणी पूजेत ठेवत नाहीत. गेल्या वर्षी खेळणं होतं, मग या वर्षी नेमकं आजच त्याचं हत्यार कसं झालं?

बाबा आपट्याची पानं घेऊन आले तेव्हा ती दुकानात पाटासमोर उभी होती. आई स्वयंपाकघराच्या दारात. श्रीखंडाचा चक्का तिने तसाच टांगून ठेवला होता.

"हा तुम्ही ठेवलात?"

"हो." त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"विचारलं होतं मला?"

त्यांना प्रश्नच समजला नसावा. ते पाटावरच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

"दादाचा लॅपटॉप तुम्ही स्वतः उचलून देता. मेरा ही क्यों? सीधा बोल देते ना, खेलना मत. मी काय केलं असतं? रडले असते, बस. हे असं कशाला?" तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"खेळू नको कुठे म्हटलं मी?"

"आज फायनल आहे, बाबा. परवा जेवताना सांगितलं होतं."

"आज?" बाबा आईकडे वळले, पुन्हा तिच्याकडे. "मॅच म्हणालीस. मला वाटलं उद्या असेल, नाहीतर परवा. खंडेनवमीला काम कोण ठेवतं?"

आईने पदराला हात पुसले.

"आणि लॅपटॉपचं म्हणशील तर तो कंपनीचा," बाबा म्हणाले. "त्याला मी फूल वाहतो. तेल नाही लावत."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, सागाला कोणता रंधा आणि बाभळीला कोणता, हे सांगावं तसं. अंकिताने आपल्या तळहाताकडे पाहिलं. तेच तेल पाटावरच्या रंध्यावर चमकत होतं, त्याच हाताने, तेवढंच जपून चोळलेलं. पण घड्याळ समोर होतं आणि काडी अडकलेलीच होती.

"तेलाने बिघडतो तो," ती म्हणाली. "लकडी नहीं है, बाबा."

"बिघडतो?"

त्यांनी हात पुढे केला. तिने कंट्रोलर दिला. त्यांनी आपल्या जाड अंगठ्याने काडी हळूच ढकलली, सोडली. ती तिथेच कलंडून राहिली. पुन्हा ढकलली. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि मग सगळा चेहराच उतरला. आईने तो बघायला नको म्हणून नजर दुसरीकडे वळवली.

"आता?"

"खोलना पडेगा. बारीक पेचकस पाहिजे."

बारीक पेचकस समोरच होता. पाटावर, करवतीच्या शेजारी, त्याच्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूची पाकळी. आपला कंट्रोलर तिने बेधडक उचलला होता, पण त्या पेचकसाला हात लावायला तिचं मन धजेना. राग तर अजून उतरला नव्हता, तरीही धजेना. आई म्हणाली की शेजाऱ्यांकडे मागून बघते. सगळे टेकडीवर गेलेत, असं अंकिताने सांगितलं.

बाबांनी टोपी सारखी केली. पाटापुढे वाकून हात जोडले. मग पाकळी उचलून बाजूला ठेवली, पेचकसावरचं कुंकू सदऱ्याच्या बाहीला पुसलं आणि दुकानातल्या जोडीदार कारागिराला देतात तसा, मूठ तिच्याकडे करून, तो पुढे धरला.

अंकिता तिथेच जमिनीवर बसली. गेल्या उन्हाळ्यात एक बटण अडकलं होतं तेव्हा तिने हा एकदा उघडला होता, त्यामुळे हात अडखळले नाहीत. बाबा शेजारी उकिडवे बसले आणि निघेल तो स्क्रू तळहातावर झेलू लागले. आईने जुन्या धोतराची मऊ चिंधी फाडून आणली. काडीच्या बुडाशी तेल आणि कुंकू मिळून लाल चिखल झाला होता. अंकिताने तो चिंधीच्या टोकाने टिपून टिपून काढला. आत बघताना बाबांचा श्वास तिच्या कानाशी येत होता.

"तरी विचारायला हवं होतं," मान वर न करता ती म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. "हवं होतं."

शेवटचा स्क्रू बसला. तिने मधलं बटण दाबलं आणि मधल्या खोलीत टीव्ही आपोआप बोलू लागला. बाबांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. मधे तार नाही, काही नाही. त्यांनी ते दोनदा पाहिलं. अंकिता उठून धावतच आत गेली.

खेळ ऑनलाइन जोडला जात होता. समोरच्याचं नाव पडद्यावर आलं, तिचं आलं. तेवढ्यात दुकानाच्या उंबऱ्याशी मोटरसायकल थांबली आणि कुणीतरी हाक मारली. दिवाणाचा पाय निखळला होता, पाहुणे यायचे होते, नुसता एक स्क्रू आवळायचा होता. पेचकस तर बाहेरच दिसतोय, असंही तो माणूस म्हणाला.

"आज मेरा काम बंद है, भिया," बाबांचा आवाज आला. "बेटी का चालू है. जरा धीरे बोलो."

अंकिताने मागे वळून पाहिलं नाही. तिने अंगठा काडीवर ठेवला, मग उचलला. पडद्यावरचा खेळाडू जागच्या जागी उभा राहिला, शिट्टीची वाट पाहत.