काळी चारवर वाहिलेलं कुंकू

मित्रांनो, बाजाची पेटी म्हणतात ती मीच. मी जुनी आहे, पण तसं कुणी तोंडावर म्हटलेलं मला खपत नाही. सागवानी अंग, पितळी सूर. सटाण्याच्या एका शाळेत सकाळची प्रार्थना माझ्याशिवाय सुरू होत नसे. मग शाळेत स्पीकर आला आणि मला मोडक्या बाकांच्या खोलीत ढकललं. उंदरांनी माझा भाता कुरतडला आणि मी मुकी झाले. त्या वर्षांविषयी फार विचारू नका, अजून राग येतो.

शेवटी शाळेने मला विकलं आणि नाशकात जुन्या सामानाच्या दुकानात ललिताताईंनी मला पाहिलं. त्या पंचवटीत भाजी विकतात. पेटीतलं त्यांना काही कळत नव्हतं. मेथीची जुडी पाहावी तसं त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि घेतलं. हर्षल नावाच्या कारागिराने भात्याला नवं कातडं लावलं, अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या केल्या. मी पुन्हा बोलू लागले.

ताईंना घाई होती. त्यांच्या महिला भजनी मंडळाला कारभारीबुवा पेटीची साथ करत. माणूस चांगला, पण वाजवणार स्वतःच्या गळ्याला सोयीच्या काळी एक पट्टीत, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून. वरचे सूर आले की बायकांचा आवाज फाटायचा आणि बुवा म्हणायचे, रियाज कमी पडतोय. हर्षलने ताईंना सांगितलं, की तुमच्या आवाजाला काळी चार बरी. ताईंनी त्याच्याकडूनच जुजबी वाजवायला शिकून, तो ‘सा’ धरून चार भजनं बसवली. सोमवारी संध्याकाळी देवळात मंडळ पहिल्यांदाच बायकांच्या पट्टीत गाणार होतं. फसलं तर पुन्हा बुवांची पेटी आणि बुवांचीच पट्टी, हे ठरलेलं होतं.

सोमवारी दुपारी ताईंनी माझी पूजा केली, नव्या गाडीची करतात तशी. हार घातला, उदबत्ती ओवाळली. नारळ माझ्यावर फोडला नाही, हे माझं नशीब. मग मोठ्या प्रेमाने, नेमकं काळी चारवर, त्यांनी चिमूटभर हळद-कुंकू वाहिलं. ते फटीतून आत सांडलं. ताईंनी भाता हलवून पट्टी दाबली. नुसती हवा आली.

त्यांनी हर्षलला फोन लावला. “हर्षल, माझा सा गेला रे.”

“ताई, पेटी उघडू नका. मी सटाण्याला आहे, उद्या येतो. आत प्रत्येक सुराची पितळी जीभ असते, ती वाकली तर तो सूरच नवा बसवावा लागेल.”

“उद्या येऊन काय करशील? आज गायचं हाय मला.”

तेवढ्यात मंडळातल्या मालनबाई त्यांना बोलवायला आल्या. “बुवा त्यांची पेटी घेऊन देवळात बसलेत. अडलं तर असू द्यावी, म्हणाले.”

ताईंनी पेचकस घेतला.

मी घाबरले, मित्रांनो. शिकाऊ हात आपल्या पोटात शिरला की कसं वाटतं, ते मलाच ठाऊक. ताईंनी सूर बसवलेली फळी वर काढली. मालनबाईंनी मोबाईलचा उजेड धरला. पितळेच्या बारीक जिभेखाली कुंकू अडकून बसलं होतं. ताईंनी लग्नपत्रिकेच्या पातळ कागदाची कड जिभेखाली सरकवली. जीभ जराशी जरी वाकली असती, तरी मी ऐन भजनात बेसूर झाले असते.

“हळू गं,” मालनबाई म्हणाल्या.

कुंकू गळून पडलं. ताईंनी फळी बसवून स्क्रू आवळले. वाजवून बघायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

देवळात बुवा समोरच बसले होते. त्यांच्या पेटीची खोळ आधीच निघाली होती. ताईंनी भाता भरला आणि काळी चार दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. बुवांनी पेटी पुढे ओढली. मग माझा आवाज निघाला, घोगरा, पण सुरात.

बायकांनी भजन उचललं. वरचे सूर आले तरी कुणाचा आवाज फाटला नाही. इतक्यात मागच्या रांगेतून एक भरदार आवाज वर चढला आणि बायका गाता गाता वळून पाहू लागल्या. मालनबाई गात होत्या. त्यांना गळा नाही, असं मंडळात सगळे धरून चालत. त्यांनीही ते मान्य करून हातात टाळ घेतले होते. आता ते टाळ मांडीवर पडले होते. मला इतका आनंद झाला, की माझा घोगरेपणा मी विसरले.

भजन संपल्यावर बुवा पेटीला खोळ घालत म्हणाले, “मालनबाई, इतकी वर्षं कुठं होता हा आवाज?”

“तुमच्या मागंच बसले होते की, बुवा.”

मित्रांनो, जुन्या वाद्यांना अडगळीत टाकू नका, एवढं तर मी सांगणारच. पण आणखी एक मागते. कुणाला गळा नाही असं म्हणण्याआधी, एकदा पट्टी बदलून बघा.