बर्फात घामेजलेली डची

मित्रांनो, झाकणासकट माझे वजन पावणेचार किलो आहे आणि वय अठरा वर्षे. मी एक जुनी डची आहे. जाड बुडाची, दोन कानांची, ओतीव ॲल्युमिनियमची हंडी म्हणा हवे तर. पण जमैकात, माझ्या मे पेन गावात, मला कोणी हंडी म्हटले तर मी ओ देणार नाही. तिथे प्रत्येक घरात माझी एक तरी बहीण असते. रविवारी दुपारी ती चुलीवर दिसली नाही, तर शेजारी विचारतात, "घरात कोणी आजारी आहे का?"

माझा जन्म भांडी ओतणाऱ्या अल्वामामांच्या अंगणात, ॲकीच्या झाडाखाली झाला. माझ्यात एका मोटारसायकलच्या इंजिनाचा तुकडा आहे, एका शाळेच्या खिडकीच्या पट्ट्या आहेत आणि तीन फुटकी पातेली आहेत. आमच्यात साच्यासाठी वेगळा नमुना नसतो. जुनी डचीच चाळलेल्या वाळूत दाबायची, अलगद उचलायची आणि तिने सोडलेल्या पोकळीत नवी ओतायची. म्हणून आमच्यात प्रत्येक डचीला आई असते.

त्या दिवशी वाळू तुडवायला मामांची भाची होती, जोडियन. वय वर्षे सात. झाकणाचा साचा तयार झाल्यावर तिने सगळ्यांची नजर चुकवून त्यात अंगठा दाबला. धातू ओतून साचा फोडला, तर माझ्या झाकणावर बोराएवढा उंचवटा.

"हे काय गं?" मामा ओरडले.

"माझी सही."

"सही करायला तू कोण, बँकेची मॅनेजर?"

पण तो उंचवटा त्यांनी घासून काढला नाही.

मामांचे दोन नियम होते. पहिला, तापलेल्या धातूला जे जे भेटणार, ते आधी तापून यायला हवे. पळी, चिमटे, भंगाराचे तुकडे, सगळे भट्टीभोवती मांडून ठेवायचे. जोडियनने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाहुणा गार अंगानं घरात शिरला की भांडण होतं." तिला वाटले, हा नियम पावसाच्या दिवसांसाठी असावा. दुसरा नियम, नवी डची बोटाच्या पेराने वाजवून पाहायची. आवाज घुमला तर विकायची, बसका आला तर पुन्हा वितळवायची. मला त्यांनी दोनदा वाजवले आणि बहिणीच्या, म्हणजे जोडियनच्या आईच्या, घरी देऊन टाकले.

पुढची पंधरा वर्षे मी रविवार केले. राजमा, नारळाचे दूध, थाइमची काडी, तांदूळ आणि वर एक अख्खी तिखटजाळ मिरची. ती मिरची फुटू द्यायची नाही, यातच सगळे कसब. शेवटी माझ्या बुडाला जी खरपुडी धरते, तिच्यावरून जोडियन आणि तिचे भाऊ हातघाईवर येत. यापेक्षा मोठी शाबासकी भांड्याला कोणती हवी?

जोडियन धातुशास्त्र शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला जपानची शिष्यवृत्ती मिळाली. ओतकामासाठी नावाजलेल्या ताकाओका गावी जायचे ठरले. बॅग वजनाला जास्त भरली. तिने मला बाहेर काढले. तिच्या आईने मला आत ठेवून बूट बाहेर काढले.

"अगं आई, बुटांशिवाय मी तिकडे काय करू?"

"बूट तिकडे मिळतात. डचीशिवाय रविवार कसा करशील?"

मित्रांनो, ताकाओकात पहिल्याच रविवारी माझी मानहानी झाली. जोडियनच्या खोलीतली चूल विजेची होती, काळ्या काचेची. ती फक्त लोखंडाच्या जातीची भांडी ओळखते. जोडियनने मला वर ठेवले, बटण दाबले. चूल तीनदा किंचाळली आणि बंद पडली. तिने पुन्हा ठेवले. चूल पुन्हा किंचाळली. त्यानंतर माझी रवानगी गॅलरीत झाली, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. माझ्यात कपड्यांचे चिमटे राहू लागले. सव्वा वर्ष.

तिथून काचेच्या दारातून मी जोडियनला पाहत असे, तिचे फोनवरचे बोलणे ऐकत असे. आमच्याकडे कोणीही कुठेही शिरताना आधी "गुड मॉर्निंग" म्हणते. न म्हणणाऱ्याला आई-बापांनी काही शिकवले नाही असे समजतात. जोडियनने इथल्या बसमध्ये चढताना खणखणीत जपानीत सुप्रभात म्हटले. बसमधल्या सगळ्यांनी मान खाली घातली. आठवडाभर ती म्हणत राहिली, मग थांबली. मे पेनमध्ये तिचे हसू तीन घरांपलीकडे ऐकू जायचे. इथे ती तोंडावर हात ठेवून हसायला शिकली. रविवारी दुकानातून भाताचा गोळा आणून पुस्तकापुढे बसून खायची.

अभ्यासात मात्र ती मागे हटली नाही. तिने विषयच तसा निवडला होता: घराघरांतून येणाऱ्या मिसळ भंगारापासून निर्दोष ओतकाम करता येते, हे मोजमापांसह सिद्ध करायचे. तिच्या सेन्सेईंना, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांना, हे पटलेले नव्हते. तरी त्यांनी परवानगी दिली. सप्टेंबरात तिने ओतलेले ठोकळे कापून पाहिले तर आत एकही छिद्र नव्हते. डिसेंबरात तीच भट्टी, तेच भंगार, तीच मापे. आणि ठोकळ्यांच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढी शेकडो भोके. तीनदा ओतले, तिन्हीदा भोके.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ती कपडे वाळत घालता घालता मामांशी फोनवर बोलत होती. तिकडे संध्याकाळ होती.

"मामा, बावीस जानेवारीला भट्टीची शेवटची पाळी आहे. तेव्हाही भोकं पडली तर सेन्सेई म्हणतात भंगार सोडा, शुद्ध धातू घ्या. म्हणजे सगळं पहिल्यापासून. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. पदवीशिवायच परत यावं लागेल."

"भंगाराला दोष देतो का तो?"

"म्हणाले, भंगार ते भंगारच."

मामा म्हणाले, "मग तू काय खाऊन मोठी झालीस ते सांग त्याला. भंगारातलंच ना?"

ती हसली नाही. चिमटे घ्यायला माझ्यात हात घातला आणि तो तसाच राहिला. मी भंगारातली. माझ्यात भोके नाहीत. पण हा काही प्रबंधात लिहिण्याजोगा पुरावा नव्हता.

जानेवारीत विद्यापीठाच्या ओतकाम कार्यशाळेची नव्या वर्षाची मेजवानी ठरली. प्रत्येकाने आपल्या घरचे काहीतरी करून आणायचे. जोडियन म्हणाली, मी काही आणू शकत नाही. तिच्याबरोबर शिकणारी शिओरी मुळात कमी बोलणारी, पण त्या दिवशी तिने विचारले, "का?"

"माझं भांडं इथल्या चुलीवर चालत नाही."

"कार्यशाळेत गॅसची शेगडी आहे की."

"तिच्यावर स्वयंपाक करतात?"

"तोगाशी-सान रोज नूडल्स उकळतात. फक्त आपण पाहिलं नाही असं समजायचं."

तोगाशी-सान, म्हणजे तोगाशीराव, हे कार्यशाळेचे वृद्ध कारागीर. चाळीस वर्षे देवळांच्या घंटा ओतून झाल्यावर विद्यापीठात आलेले. रागीट म्हणून ख्याती.

मेजवानीच्या सकाळी गुडघाभर बर्फ पडले होते. जोडियनने चिमटे काढले, मला घासले, कोरडे पुसले आणि दहा मिनिटे बर्फातून चालत नेले. कार्यशाळा भट्टीमुळे उबदार होती. तिने मला टेबलावर ठेवले, आणि मित्रांनो, माझ्या सर्वांगाला घाम फुटला.

"ओलं भांडं इथे ठेवू नका!" तोगाशी-सान ओरडले. "धातूचं काम आहे हे, मासळीबाजार नाही."

"ओलं नाहीये, घरून पुसून आणलंय."

"मग हे काय, दव?"

तिने मला पुन्हा पुसले. मी पुन्हा घामेजले. तोगाशी-सान जवळ आले. त्यांनी माझ्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केले, डोळे मिटून ऐकले आणि आणखी एकदा केले.

"कोणी ओतलंय?"

"माझ्या मामांनी. अंगणात."

"भट्टी कसली?"

"जुन्या मोटारीच्या चाकाची."

"हं," ते म्हणाले. शिओरीने नंतर सांगितले की तोगाशी-सानांचा 'हं' म्हणजे इतरांचे पदक.

पण जोडियनचे तिकडे लक्ष नव्हते. ती माझ्या अंगावरून ओघळणारे पाणी पाहत होती. लिंबूपाण्याच्या गार बाटलीला घाम येतो, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. लोखंडाला किंवा ॲल्युमिनियमला येतो, हे कधीच नाही. मे पेनमध्ये लोखंड गार नसतेच; हात लावला तर चटका बसतो.

ती एकदम धावत शेजारच्या शेडमध्ये गेली. तिच्या ठोकळ्यांचे बूड जाड असे. ते लवकर निवावे म्हणून साच्याच्या तळाशी ती एक लोखंडी चकती बसवत असे. सप्टेंबरात साचे कार्यशाळेतच होते. नोव्हेंबरात नवे यंत्र आले, म्हणून तिचे सामान शेडमध्ये हलवले. शेड बर्फासारखी गार. ओतण्याआधी वीस मिनिटे साचा आत आणला जाई. तिने एक चकती उचलून आणली, माझ्याशेजारी ठेवली आणि घड्याळ लावले. चौथ्या मिनिटाला चकतीवर पाण्याचे थेंब उभे राहिले.

दरवेळी ती तापलेला धातू ओल्या लोखंडावर ओतत होती. पाण्याची वाफ धातूत शिरून भोके पाडत होती. भंगाराचा यात काही दोष नव्हता.

"पाहुणा गार अंगानं आला," ती मे पेनच्या बोलीत पुटपुटली. मग इतक्या मोठ्याने हसली की तोगाशी-सानांच्या हातातला कप हिंदकळला. तोंडावर हात ठेवायचे ती विसरली होती.

त्या दुपारी मी सव्वा वर्षाने रविवार केला. वार गुरुवार होता, ते सोडा. मिरची फुटली नाही. भात संपल्यावर शिओरी माझ्या बुडाकडे पाहत राहिली.

"ही खरपुडी कोणाची?"

"आमच्याकडे पाहुण्याला पहिला मान."

"इथे पाहुणी तू आहेस."

"डची माझी आहे. आज पाहुणी तू."

तोगाशी-सान पळी घेऊन मध्ये आले. "तुमचं ठरेपर्यंत ती गार होईल," म्हणाले आणि अर्धी खरपुडी घेऊन गेले.

बावीस जानेवारीला मला वेगळेच काम होते. जोडियनने तीन साच्यांच्या तीन लोखंडी चकत्या माझ्यात ठेवल्या, झाकण लावले आणि मला शेगडीवर चढवले. सेन्सेई आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आज भात आहे?"

"नाही, सेन्सेई," तोगाशी-सान म्हणाले. "आज लोखंड शिजतंय."

जाड हातमोजे घालून तोगाशी-सानांनीच मला उचलले आणि साच्यांपाशी नेले. गरम चकत्या साच्यांत बसल्या. धातू ओतला. मग ठोकळे निवण्याची वाट. दुपारी करवत चालली, कापलेली बाजू घासून चकचकीत केली गेली, आणि सेन्सेईंनी भिंग डोळ्याला लावले. पहिला ठोकळा. दुसरा. तिसरा त्यांनी दोनदा पाहिला, खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा पाहिला.

"भोकं कुठे आहेत?"

"नाहीत, सेन्सेई."

त्यांनी भिंग खाली ठेवले. "प्रबंधाच्या शीर्षकात तुम्ही 'पुनर्वापरातील मिश्र धातू' असं लिहिलंय."

"तुम्हीच सुचवलं होतं."

"बदला. सरळ 'भंगार' लिहा." आणि त्यांनी तिला वाकून अभिवादन केले. विद्यार्थिनीला करतात त्यापेक्षा जरा खाली वाकून, असे शिओरी म्हणते.

फेब्रुवारीत जोडियनचा प्रबंध मान्य झाला. परीक्षकांनी चकती कशात तापवली असे विचारले, तेव्हा तिने माझे छायाचित्र पडद्यावर लावले. सभागृह हसले आणि मग टाळ्या वाजल्या. आता ती तिथेच पुढचे संशोधन करते. बसमध्ये चढताना तिने पुन्हा सुप्रभात म्हणायला सुरुवात केली आहे. चालक तर आता तिच्या आधीच म्हणतो.

आणि मार्चमध्ये, मित्रांनो, तोगाशी-सानांनी मला वाळूत दाबले, अलगद उचलले. ताकाओकाच्या जुन्या खिडक्या, सरबताचे डबे आणि एका सायकलचा सांगाडा माझ्या पोकळीत उतरला. मी आई झाले. झाकणावरचा अंगठ्याचा उंचवटाही लेकीवर जसाच्या तसा आला. जोडियनने तिला हौसेने काचेच्या चुलीवर ठेवून पाहिले. चूल तीनदा किंचाळली. काही गोष्टी कुळातच असतात.

लेक मे पेनला गेली. एका सकाळी जोडियनने फोन माझ्याजवळ धरला. पलीकडे मामा होते. बोटाच्या पेराने त्यांनी माझ्या लेकीला वाजवले. एकदा. दोनदा. आवाज घुमला, समुद्र ओलांडून माझ्या बुडापर्यंत आला.

"विकायची का?" जोडियनने विचारले.

"मी असेपर्यंत तरी नाही," मामा म्हणाले.

माझे मागणे थोडेच आहे, मित्रांनो. जुन्या भांड्याला तारेच्या घासणीने ओरबाडू नका. धुतल्यावर पुसून ठेवा. त्यात चिमटे भरू नका. आणि बाहेरच्या थंडीतून कोणी तुमच्या दारी आले, मग ते भांडे असो, लोखंड असो की दूर गावची मुलगी, तर त्याला आधी ऊब द्या, मग कामाला लावा. काय घुमते ते नंतर वाजवून पाहा.

उद्या रविवार आहे. शिओरीने राजमा भिजत घातला आहे.