शेवटच्या रिळाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी सिनेमाचं एक जुनं रीळ आहे, तेही शेवटचं. स्वभाव विचाराल तर उतावळा. एका नामांकित गायिकेवरच्या सिनेमाचा शेवट माझ्या अंगावर आहे आणि तो कुणाला दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नाशिकच्या थिएटरात मी रोज मिरवलो. मग प्रिंट जुनी झाली आणि ब्याण्णव सालच्या सुमारास गावोगावी सिनेमा दाखवणाऱ्या खंडेरावांनी आम्हा सगळ्या रिळांना हरसूलला नेलं. बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या शेडला काळे पडदे लावून ते दुपारचा खेळ करत. माणूस भला, पण एक खोड भारी. "बाजाराला आलेलं माणूस रडत घरी जायला नको," म्हणायचे. गायिकेचा सत्कार झाला, टाळ्या पडल्या, की दिवे लावून खेळ खलास! पुढे तिचा आवाज जातो, ते सगळं माझ्यात. बाकीची रिळं धावून दमून यायची आणि डब्यात पडल्या पडल्या माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका बाजाराला सरिता तिच्या आईला, मालनबाईंना, घेऊन आली. मालनबाई पाड्यापाड्यावरच्या लग्नांत गाणी म्हणायच्या. गंगापूर रोडच्या दवाखान्यात गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून त्या लग्नाला जाईनात, धड जेवीनात.

"काका, शेवट दाखवा," सरिता म्हणाली. "दवाखान्यातली नर्सबाई सांगत व्हती, त्या गाणारणीचाबी आवाज जातो. आईला तेवढंच बघायचंय."

"नको बाई. लय वाईट हाय ते."

मालनबाई पुटपुटल्या. आवाज कसला, नुसता वारा. "मंग मेली का ती?"

खरं सांगू? खंडेरावांनाही ते ठाऊक नव्हतं. सुरुवातीला एकदाच मला लावलं, तेव्हा आवाज जातो तिथेच मशीन बंद करून ते मोकळे झाले होते!

त्या दिवशी माझा डबा उघडला. पडद्यावर भर मैफलीत गायिकेचा आवाज गेला. शेडमध्ये कुणीतरी हुंदका दिला आणि खंडेरावांचा हात बटणाकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात मालनबाईंनी मागे वळून हात वर केला. मशीन चालू राहिलं.

मग माझा खरा शेवट आला. गायिका अंगणात बसली आहे, समोर मुली गात आहेत. ती मांडीवर ताल धरते, चुकलं की मान हलवते. मुली ती ओळ पुन्हा म्हणतात आणि गाणं पुरं होतं.

मालनबाई रडल्या नाहीत. त्यांचा हात मांडीवर पडत होता.

पुढच्या बाजाराला सरिता सांगून गेली, "आई लग्नाला गेली व्हती. पोरी गायल्या, तिनं ताल धरला. एक चुकली, तर तिला चापटबी मारली."

त्यानंतर खंडेरावांनी मला कधी वगळलं नाही. पण पुढे सीड्या आल्या, शेड बंद पडली. आता मी पुन्हा डब्यात आहे. अंगाला आंबूस वास येतो, वेटोळी एकमेकांना चिकटत चालली आहेत.

मित्रांनो, घरात जुनं रीळ, जुनी कॅसेट असेल तर तिला कधीमधी हवा लागू द्या. आणि कुणाचीही गोष्ट अर्ध्यावर दिवे लावून संपवू नका. माझ्यातली ती बाई अजून मांडीवर हात ठेवून बसली आहे. मुलींची चुकलेली ओळ पुन्हा म्हणायची राहिली आहे.